मला कुणीच धरले नव्हते तेव्हा

मित्रांनो, मी एका वेगवान बोटीचे जुने चाक आहे. गाडीखाली फिरते ते चाक नव्हे. बोट चालवणारा ज्याला धरून बसतो, ते. काही लोक मला स्टिअरिंग म्हणतात. माझ्यावरचे काळे कातडे दोन ठिकाणी उसवले होते, ते आता फार बारीक टाक्यांनी शिवलेले आहे. माझी गोष्ट सांगायला मी बसलो खरा, पण आधीच कबूल करतो, तिच्यातले बरेचसे मला अजून नीट उमगलेले नाही. तुम्हाला उमगले तर बरेच होईल.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. आधी धातूचे कडे, मग त्यात तीन आरे, मग वरून कातडे. तिथून एका खोक्यात बसून मी तलावाकाठच्या एका शेडमध्ये आलो. ती शेड ताईंची. ताई बोटी बांधायच्या आणि दुरुस्त करायच्या. त्यांचा आवाज खडा, नखांत कायम काळे तेल, आणि बोलणे मोजके. धाकट्या भावासाठी त्यांनी एक लांब, निमुळती बोट बांधली होती. तिच्यावर त्यांनी मला बसवले, दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे फिरवून पाहिले आणि भावाला म्हणाल्या, "बाबू, ही पळेल. पण हिचं ऐकत जा."

बाबू म्हणजे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावायचे आणि सुट्टीच्या दिवशी तलावावर यायचे. मी त्यांना डॉक्टरच म्हणतो. त्यांचे हात स्वच्छ, साबणाच्या वासाचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धरले आणि मला वाटले, आता कळले आपण कशासाठी आहोत. ते मला वळवायचे, बोट वळायची. सोपे होते सगळे. शर्यतीत आमचा दुसरा नंबर आला, तेव्हा धक्क्यावरची माणसे बोटीत वाकून मला हात लावून गेली. "काय चाक आहे!" असे एक जण म्हणाला. मी काय केले होते, ते मला कळले नाही. पण कौतुक कुणाला नको असते?

माझ्या शेजारीच किल्लीजवळ एक बटण होते, आणि त्याला एक लाल, वेटोळ्यांची दोरी अडकवलेली असे. तिचे दुसरे टोक डॉक्टरांनी गुडघ्याच्या वर पायाला बांधायचे, असा ताईंचा नियम. चालवणारा बोटीतून फेकला गेला, तर दोरी त्याच्याबरोबर ओढली जाते, बटणातून निसटते आणि इंजिन तिथल्या तिथे बंद पडते. पहिली काही वर्षे डॉक्टर दोरी न चुकता बांधत. मग एकदा धक्क्यावरच्या मित्रांना हात करायला ते ताडकन उभे राहिले. दोरी निसटली, इंजिन गप्प झाले आणि बोट सगळ्यांसमोर लाकडाच्या ओंडक्यासारखी तरंगत राहिली. मित्र पोट धरून हसले. त्यानंतर डॉक्टरांनी ती दोरी पायाला बांधली नाही. माझ्याभोवती तीन वेढे देऊन गुंडाळून ठेवली. मला वाटले, मला दागिना घातला. खुळाच मी.

पुढे डॉक्टरांचे ताईंच्या शेडमध्ये जाणे कमी झाले. दर काही महिन्यांनी बोट तपासायला न्यायची असते. "पुढच्या वेळी नेतो," म्हणत ते टाळू लागले. कातडे उसवले ते त्याच काळात. आणि मला काहीतरी विचित्र जाणवू लागले. डॉक्टर मला दोन बोटे डावीकडे वळवायचे आणि बोटीचे नाक जागचे हलायचेच नाही. आणखी वळवले की मग एकदम हलायचे. माझ्यापासून इंजिनापर्यंत जी तार जाते, ती ढिली झाली होती, हे मला फार नंतर समजले. तेव्हा मी नुसता गोंधळलो होतो. मी वळतो आहे आणि बोट वळत नाही, तर मग मी आहे तरी कोण?

मग एका सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांची बायको बरोबर आली. शेडमधली माणसे त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. वहिनी शिवणकाम करायच्या. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आदल्याच दिवशी संपली होती आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना मोकळी दुपार मिळाली होती.

"अहो, तुमचं जॅकेट?" बोटीत पाय ठेवता ठेवता त्यांनी विचारले.

"पाचच मिनिटं जाऊन येऊ."

"मग पाचच मिनिटं घाला. नाहीतर मी ही उतरले."

डॉक्टरांनी तोंड वाकडे करून पाण्यात तरंगवणारे ते जॅकेट घातले आणि बंद लावले. दोरीचे वहिनींना काही माहीतच नव्हते, त्यामुळे तिच्याबद्दल त्या बोलल्या नाहीत. दोरी माझ्या अंगावर होती.

तलाव शांत होता. डॉक्टरांनी वेग वाढवला, मग आणखी वाढवला. फार वेगात अशी बोट पाण्यावर जवळजवळ उचलली जाते. शेपटीकडचा थोडासा भाग तेवढा पाण्याला टेकलेला असतो. अशा वेळी ती कधीकधी डुलू लागते. एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. तशी ती डुलू लागली. आधी जराशी, मग जास्त.

बोट उजवीकडे कलली की डॉक्टर मला डावीकडे फिरवत. पण ढिल्या तारेमुळे माझे वळण इंजिनापर्यंत पोहोचेपर्यंत बोट उजवीकडून परतलेली असे, आणि ते तिला डावीकडेच आणखी ढकलत असे. मग ते मला उजवीकडे फिरवत. पुन्हा उशीर. मी सावरतो आहे की पाडतो आहे, हेच मला कळेना. जितका मी फिरत होतो, तितकी ती जास्त हेलकावत होती.

"अहो, हळू करा ना!" वहिनी ओरडल्या.

"थांब, सावरतो!" डॉक्टर म्हणाले. वेग मात्र त्यांनी कमी केला नाही.

मग बोटीची एक कड पाण्यात रुतली. एक जबर हिसका बसला. डॉक्टरांचे कोपर वेगाच्या दांड्यावर आदळले, दांडा निम्म्यावर आला, आणि पुढच्या क्षणी माझ्यावर हातच नव्हते. वहिनी दोन आसनांच्या मधे खाली पडल्या होत्या. डॉक्टर बोटीत नव्हते.

मित्रांनो, आता जे सांगतो, ते मला आजही नीट समजत नाही. मला कुणीही धरलेले नव्हते, आणि मी फिरत होतो. आपला आपण. उजवीकडे, अगदी शेवटपर्यंत, आणि तिथेच अडकलो. पाण्यात फिरणारा पंखा इंजिनाला एका बाजूला ढकलतो, आणि इंजिन मला, असे ताई पुढे कुणाला तरी समजावत होत्या. पण तेव्हा मला एवढेच दिसत होते, की बोट पाण्यावर गोल गोल फिरते आहे, आणि त्या गोलाच्या कडेला डॉक्टरांचे डोके नि नारिंगी जॅकेट वरखाली होते आहे. पहिल्या फेरीत आम्ही त्यांच्यापासून बरेच दूर होतो. दुसऱ्या फेरीत इतके जवळून गेलो, की त्यांचे उघडे तोंड मला दिसले. ते एक हात वर करून काहीतरी सांगत होते. इंजिनापुढे काय ऐकू येणार?

वहिनी उठायला धडपडत होत्या. "हे बंद कसं करायचं? अहो, बंद कसं करायचं?" त्या विचारत होत्या, पण सांगणारा पाण्यात होता. त्यांनी मला पकडून स्वतःला वर ओढले. त्यांच्या वजनाने मी डावीकडे वळलो, बोट झोकांडी खाऊन गोलाबाहेर निघाली आणि डॉक्टर बाजूला राहिले. हे त्यांनी मुद्दाम केले नव्हते. मीही केले नव्हते. मग कुणी केले?

तेवढ्यात त्यांना माझ्यावरची लाल दोरी दिसली. त्यांनी दोन्ही हातांनी ती हिसडली. बटणातून टोक निसटले आणि इंजिन थांबले.

"लाल होती म्हणून ओढली. दुसरं काय कळत होतं मला?" असे त्या पुढे सांगत.

पाणी बोटीच्या पोटाला थापट्या मारत होते, तेवढाच आवाज उरला. वहिनींनी इंजिन पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला नाही. बोटीतला दोर काढून फेकला. तिसऱ्या फेकीला तो डॉक्टरांच्या हाती लागला. मग त्यांना ओढत ओढत मागच्या शिडीपाशी आणले. डॉक्टरांचा खांदा निखळला होता आणि ओठ निळे पडले होते. पण ते जिवंत होते.

आम्हाला दुसऱ्या बोटीने ओढून धक्क्यावर आणले. तिथे जमलेल्या माणसांना डॉक्टर म्हणाले, "चाकानं दगा दिला. आणि दोरी तुटली."

पहिले वाक्य ऐकून मला वाटले, खरेच असेल. मी वळलोच नव्हतो वेळेवर. दुसरे वाक्य ऐकून मात्र मी चक्रावलो. दोरी तर माझ्या अंगावर होती. की नव्हती? डॉक्टरांसारखा शिकलेला माणूस सांगतो आहे, तर कदाचित मलाच चुकीचे आठवत असेल.

बोट ताईंच्या शेडमध्ये आली. पुढचे आठ दिवस मी ताईंना पाहिले. त्यांनी इतर बोटींच्या दोऱ्या काढून आणल्या, त्यांना वजने टांगली, हातांनी हिसके दिले. एकही तुटली नाही. तरी त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप धाडला, की मी सांगेपर्यंत कुणी बोट पाण्यात घालू नका. हाताखालच्या माणसाला म्हणाल्या, "माझ्या हातची दोरी तुटली आणि माझाच भाऊ मरता मरता वाचला. उद्या दुसऱ्याचा जाईल. हे काम आता मला जमायचं नाही."

आठव्या दिवशी डॉक्टर आले, हात गळ्यात बांधलेला. बरोबर वहिनी होत्या.

"कुठून तुटली, तेवढं तरी सांग बाबू," ताईंनी विचारले. "हुकापाशी, की मधे?"

"आठवत नाही गं. सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं."

"तुकडा?"

"पाण्यात गेला असेल."

वहिनींनी पिशवी उघडली आणि लाल दोरी काढून ताईंच्या हातात दिली. "ही घ्या, ताई. अख्खी आहे. चाकाला गुंडाळलेली होती. मीच ओढली."

ताईंनी दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून फिरवली.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"म्हटलं, हे स्वतः सांगतील. आठ दिवस वाट बघितली."

ताई एका उलट्या बादलीवर बसल्या. मला वाटले, आता आरडाओरडा होणार. पण त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मी शेड बंद करणार होते, बाबू."

"मला माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "नाही, माहीत होतं. काल कळलं होतं. तरी तोंड उघडेना." त्यांनी मान खाली घातली. "एकदा दोरी निसटून इंजिन बंद पडलं आणि सगळे हसले. म्हणून बांधत नव्हतो."

"हसले म्हणून?"

"हो."

"आणि ही तार? ही एका दिवसात ढिली होत नाही. तुला हाताला जाणवलं नाही?"

"जाणवत होतं. वाटलं, चालतंय तर चालू दे."

ताई उठल्या आणि भावाच्या चांगल्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारून तार सोडवायचे पाने शोधायला गेल्या. वहिनींनी डोळे पुसले. म्हणजे दोष कुणाचा ठरला? थोडा तारेचा, थोडा डॉक्टरांचा, आणि माझा किती? कुणी वाटणी केली नाही. मी विचार करत राहिलो.

मला नवी तार मिळाली. वहिनींनी स्वतः येऊन माझे कातडे शिवले. आणि मग एक दिवस त्या चालवायच्या आसनावर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, मला शिकवा. पुन्हा कधी बंद कसं करायचं, असं ओरडायची वेळ नको."

ताईंनी शिकवले. दोरी आधी पायाला, मग किल्ली. बोट डुलू लागली तर चाकाशी झुंजायचे नाही, ते सरळ ठेवायचे आणि वेग हळूहळू उतरवायचा. एकदम शून्यावर आणला तर नाक पाण्यात घुसते.

"हे तर शिलाई मशीनसारखंच," वहिनी म्हणाल्या. "कापड वेडंवाकडं जायला लागलं की ओढायचं नाही, पाय सैल सोडायचा."

खांदा बरा झाल्यावर डॉक्टरही शिकायला आले. नवशिक्यासारखे, पहिल्यापासून.

अलीकडेच ते दोघे तलावावर गेले होते. वहिनी चालवत होत्या, डॉक्टर शेजारी. वेग वाढला आणि बोट एकदा डुलली. वहिनींनी मला सरळ धरले आणि दांडा सावकाश मागे घेतला. डुलणे थांबले. आम्ही संथपणे निघालो.

"भीती वाटली?" डॉक्टरांनी विचारले.

"वाटली की."

"मलाही वाटायची. दर वेळी."

वहिनींनी वळून पाहिले. "मग सांगायचं नाही का? त्या दिवशी मी तुमच्या शेजारीच तर बसले होते."

नऊ वर्षे डॉक्टरांचे हात माझ्यावर होते, आणि त्या हातांना भीती वाटत होती, हे मला कधी कळले नव्हते. ते जोर लावत, तेव्हा मला वाटे, हे बळ आहे.

मित्रांनो, वेगात जायचे तर जा. पण काही ढिले लागले, तर त्याच दिवशी दाखवा. जॅकेटचे बंद लावा, दोरी पायाला बांधा, कुणी हसले तर हसू द्या. शेजारच्याला बोट बंद कशी करायची, ते आधी दाखवून ठेवा. आणि भीती वाटली, तर चाक आवळू नका. तोंडाने सांगा. आम्हा चाकांना ते नुसत्या हातांवरून ओळखता येत नाही.