डाग्रोसनं चाटलेला पंख

हे कुणालाही खरं वाटणार नाही. गेल्या हिवाळ्यात याच दुकानात, याच शेगडीभोवती सांगितलं, तेव्हा पाद्रीबुवा अर्ध्यातून उठून गेले होते. तरी ऐका.

हाल्वोर त्वेट हा आपल्या डकोटातला लोहार. घोड्यांना नाल ठोकता ठोकता त्याला उडायचं वेड लागलं. लाकडाच्या पट्ट्या, पियानोच्या तारा, रग्नाच्या, म्हणजे बायकोच्या चादरींचे पंख, असं जमवत त्यानं गोठ्यामागे विमान उभं केलं. इंजिन तेवढं मेहुण्याचं, क्नूटचं. तोच हा, शेगडीवर पाय शेकत बसलाय तो. त्यानं ते आपल्या मोटारीतून काढून दिलं होतं. सगळा उन्हाळा मोटार शेडमध्ये पडून राहिली, तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या, तशी क्नूटची बायको कडाडली.

क्नूट आला आणि म्हणाला, "दाजी, शनिवारी गाडा जुंपून येतो. चाकांखालून उजेड दिसला तर इंजिन तुमचं. नाहीतर उचलून घेऊन जाणार."

झालं! हाल्वोरला बसवेना की उभं राहवेना. वारा पडायचं नाव घेईना, आणि वाऱ्यात ते विमान म्हणजे वाळत घातलेला सदरा. घास तोंडात असतानाच तो उठायचा, बाहेर जाऊन ओलं बोट वर धरायचा, आत येऊन चमचा उचलायचा, की पुन्हा बाहेर.

"अहो, बसा की घटकाभर. कॉफी कितीदा गरम करू?"

"पॉप्लरच्या झाडाची पानं हलायची थांबली का बघतो."

"थांबली तर दार वाजवून सांगतील हो ती!"

त्यात दमट हवेनं पंखांचं कापड सैल पडलं. हाल्वोरनं बटाट्याची खळ शिजवली. आई चर्चला जायच्या सदऱ्यांना करायची तश्शी, मूठभर मीठ टाकून. मीठ कशाला? इस्त्री चिकटू नये म्हणून. आता पंखाला इस्त्री कोण करणार होतं? पण आई घालायची, म्हणून यानंही घातलं. खळ वाळली आणि कापड असं ताणलं की टिचकी मारली तर ढोल वाजावा.

शनिवारी वारा पडला. हाल्वोर धावत गोठ्यामागे गेला, तर रग्नाची गाय डाग्रोस डोळे मिटून डावा पंख चाटत उभी! पंखाला हे एवढं भोक, आपलं डोकं सहज जाईल. हाल्वोर मटकन खाली बसला. लगेच उठला.

"रग्ना! कापड आण, कापड!"

रग्नानं कमरेचा अॅप्रन सोडला आणि भोकावर टाके घालायला लागली. हाल्वोर भोवती येरझारा घालत होता, ताठ तारा पुन्हा पिळत होता.

"टाका तरी नीट घालू द्या मला. तुमच्यानं माझी सुई थरथरतेय."

एवढ्यात गाडा आला. क्नूट उतरला, पंखाकडे बघून म्हणाला, "अॅप्रन बांधलाय? मग चूलही बसवा की, दाजी." पण माणूस चोख. कापलेल्या गव्हाच्या धसकटात पालथा पडला, गाल जमिनीला टेकवला आणि चाकांवर नजर लावून राहिला.

इंजिन धडधडलं. आजवर कुंपण जवळ आलं की हाल्वोरचा धीर सुटायचा आणि हात आपोआप कळेवर जाऊन इंजिन बंद व्हायचं. आजही हात गेला. सहज मागं बघतो तर डाग्रोस! मिठाची चटक लागलेली, जीभ बाहेर, शेपूट वर, चौखूर धावत येतेय. थांबलं तर उरलेला पंखही गेला. हाल्वोरनं हात मागे घेतला. कुंपण आलं. डोळे मिटले. आणि चाकांचा खडखडाट एकदम बंद झाला.

खालून क्नूट बोंबलला, "उजेड! दाजी, उजेड दिसला!"

खरी गंमत पुढेच. डाग्रोसनं तोवर पंखाची कड दातांत धरली होती. विमानाबरोबर तीही वर! कुंपणावरून गेली, चर्चच्या कळसाला वळसा घालून आली, आणि भीतीनं तिला असा पान्हा फुटला की चारी आचळांच्या धारा खाली क्नूटच्या टोपीत...

"खोटं!" क्नूटनं शेगडीवरचे पाय खाली घेतले. "साफ खोटं! डाग्रोस तेव्हा गाभण होती. पार आटलेली. दुधाचा थेंब नव्हता तिला."