दारावर दुसऱ्याचं नाव

गरिबी दाखवायला घर शियांगलान आजीचं, आणि गरिबांचा सरकारी भत्ता खायला गावच्या सचिवाचा मेव्हणा. सचिव फूचा कारभार हा असा. वरून तपासणी येणार कळताच त्यानं आजीच्या मोडक्या दाराला गरीब कुटुंबाची लाल पाटी ठोकली. पाटीवर नाव मेव्हण्याचं, दाई गुआंगचं. आजीला वाचता येत नव्हतं.

“काकू, काहीही विचारलं तरी नुसतं हो म्हणा. तांदळाचं पोतं पाठवतो,” फू म्हणाला.

तपासणीला आलेल्या मुलीनं पाटी वाचली. “हे दाई गुआंगचं घर ना, आजी?”

आजीनं चौकट घट्ट धरली. भत्त्यासाठीचा तिचा अर्ज याच फूनं तीनदा परत केला होता. हो म्हटलं तर निदान पोतं तरी मिळणार होतं.

“दाई गुआंगचं घर पलीकडे, पोरी. तीन मजली. त्याच्या कुत्र्यालाही पंखा आहे. इथं मी एकटी राहते.”

फू हसला. “वय झालंय, विसरतात काकू.”

“विसरले असते तर बरं झालं असतं रे तुझं.”

मुलगी हसली नाही. तिनं पाटी उपटली आणि पायरीवर बसून कोरा अर्ज काढला. “आता तुमचं स्वतःचं नाव सांगा.”

“यांग शियांगलान.”

आजीनं अंगठा उठवला. अर्ज फूच्या टेबलावर न जाता थेट मुलीच्या पिशवीत गेला. आजीनं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

“रताळी उकडलीत, खाऊन जा,” ती मुलीला म्हणाली. फूला तिनं विचारलंसुद्धा नाही.