सतरा क्रमांकाचा व्यक्तिअभ्यास

मोठ्या बाईंनी शिक्का शाईच्या गादीवर दाबला, उचलला आणि कागदावर मारायचा सोडून तसाच हातात धरून ठेवला. एकतीस पानांवर शिक्का आणि सही झाली होती. बत्तिसावं, शेवटचं पान तेवढं राहिलं होतं.

"छान लिहिलंय हो," त्या म्हणाल्या. "या खुर्चीत बसून मी कितीजणींचे व्यक्तिअभ्यास वाचले, पण डोळ्यांपुढे मूल उभं करणारा असा एकही नाही. एका बैठकीत संपवला."

नव्या बाई हसल्या. मुख्याध्यापिका सहसा कुणाचं कौतुक करत नसत, आणि केलंच तर त्यामागून काहीतरी काम येत असे, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

या नव्या बाई तशा नव्या राहिल्या नव्हत्या. शाळेत त्यांचं तिसरं वर्ष चाललं होतं. पण एकदा चिकटवलेलं नाव मुलं सोडत नाहीत, आणि नोकरीत कायम नसलेल्या माणसाला मोठी माणसंही नवंच धरतात. कायम व्हायचं तर शिक्षणशास्त्राची पदविका हवी. गेल्या वर्षी एका विषयात गाडी अडली होती. यंदा पुन्हा अडली तर सुट्टीनंतर चौथीच्या वर्गावर दुसऱ्या बाई येतील, हे मोठ्या बाईंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं. आता पेपर सगळे सुटले होते, उरला होता हा व्यक्तिअभ्यास. वर्गातलं एक मूल निवडायचं, सहा आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्याचा स्वभाव कसा घडतोय, ते चारचौघांत कसं वागतं, बऱ्यावाईटाची त्याची समज कुठल्या पायरीवर आहे ते लिहायचं, आणि मुख्याध्यापिकांची पानोपानी सही घेऊन आज दुपारी तीनच्या आत प्रशिक्षण केंद्रात नेऊन द्यायचं. "एकदाचं गंगेत घोडं न्हाऊ दे गं बाई," असं म्हणत आईने सकाळी डबा हातात ठेवला होता.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते.

"सोमवारी तुमच्या वर्गातली ती रंगपेटी गेली ना," मोठ्या बाई म्हणाल्या, "चाळीस रंगांची. जिची ती पेटी, त्या मुलीची आई रोज येऊन माझं डोकं खाते. आता बत्तीस पोरांतून चोर कसा शोधायचा? मी अगदी टेकीला आले होते. आणि परवा तुमचं हे माझ्या हाती आलं." त्यांनी चष्मा सावरला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून वाचलं, "'क्रमांक सतरा या विद्यार्थिनीत इतरांच्या वस्तू गुपचूप स्वतःजवळ ठेवण्याची प्रवृत्ती आढळली. सहा आठवड्यांत असे चार प्रसंग नोंदवले.' नाव लिहिलेलं नाही, नियम पाळलात. पण हजेरीपट माझ्याकडेही आहे की हो!"



क्रमांक सतरा म्हणजे खारूताई. हे नाव वर्गानेच ठेवलेलं, कारण तिचे खिसे कायम पेन्सिलींच्या तुकड्यांनी फुगलेले असत. शाळा सुटली की पोरगी बाकांखाली वाकून वाकून ते तुकडे गोळा करायची, घरी नेऊन टोक करून आणायची आणि दुसऱ्या दिवशी ज्याची पेन्सिल मोडली, हरवली, घरी राहिली, त्याला एकेक देऊन टाकायची. नव्या बाईंना हे पहिल्या आठवड्यात कळलं होतं. त्यांनी स्वतः तिच्याकडून दोनदा पेन्सिल घेतली होती. या व्यक्तिअभ्यासाच्या कच्च्या नोंदी त्यातल्याच एका बोटभर तुकड्याने लिहिलेल्या होत्या.

आणि पहिला खर्डा त्यांनी खराखुरा लिहिला होता. तो प्रशिक्षण केंद्राच्या सरांनी लाल रेघ मारून परत पाठवला. "यात समस्या कुठे आहे?" सर म्हणाले होते. "समस्या, लक्षणं, कारणं, उपाय. चार मथळे आहेत, बाई. ठणठणीत माणसाला डॉक्टर औषध देतो का?" केंद्रात सगळ्यांना माहीत होतं की शहाण्यासुरत्या मुलावर गुण पडत नाहीत. कुणी निवडलेल्या मुलाला कागदावर भित्रं करायचं, कुणी भांडकुदळ. एकीने तर बोलक्या पोराला सहा आठवडे मुकं ठेवलं होतं आणि वर्गात पहिली आली होती. क्रमांकामागे कोण आहे हे कोण बघणार? फाइल कपाटात, कपाटाला कुलूप. नव्या बाईंनीही मग खिशातल्या पेन्सिली तेवढ्या ठेवल्या आणि मागचं पुढचं गाळलं. चार प्रसंगांपैकी एक अर्धा खरा होता आणि तीन त्यांनी एका रविवारी चहा पिता पिता रचले होते.

"काल दुपारी तिच्या वडिलांना फोन केला," मोठ्या बाई सांगत होत्या. "हे सगळं वाचूनच दाखवलं. आता आलेत, बाहेर बाकावर आहेत. दाखला मी तयार ठेवलाय."

शाळा सोडल्याचा दाखला टेबलावर काचेच्या गोळ्याखाली होता. नव्या बाईंना तो उलटा दिसत होता, तरी 'वर्तन' या शब्दापुढची मोकळी जागा त्यांना बरोबर दिसली. त्या जागेत जे लिहिलं जाईल ते पोरगी नव्या शाळेच्या दारात जाण्याआधी तिथे पोचणार होतं.

"बाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "पेटी तिनेच घेतली असं कुठे... म्हणजे कुणी पाहिलं का?"

"तुम्ही पाहिलंत की! चार वेळा." मोठ्या बाईंनी शिक्क्याने पानाकडे खूण केली. "हे बघा, मी बोलले तर बाप म्हणणार, शाळेने डूख धरला. तुम्ही तिच्या वर्गाच्या बाई. त्या माणसासमोर हे पान तेवढं वाचा. पाच मिनिटांचं काम. मग मी शिक्का मारते आणि तुम्ही तीनच्या आत पोचा."

पदविकेच्या पुस्तकात लिहिलं होतं की अगदी लहान मुलाला शिक्षा होते म्हणून गोष्ट वाईट वाटते, आणि जराशा मोठ्याला आपल्या हातात काय पडतं त्यावरून ती बरी ठरते. पुढे मग लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं एवढ्यासाठी मूल चांगलं वागतं. नव्या बाईंनी हे सगळं तोंडपाठ करून चौऱ्याहत्तर गुण मिळवले होते. आणि आता, वय वर्षं एकतीस, त्या खुर्चीच्या काठावर बसून हाच हिशेब करत होत्या: बोलले तर काय होईल, गप्प बसले तर काय मिळेल, मोठ्या बाई काय म्हणतील. वर जायच्या पायऱ्या त्यांना वर्गात फळ्यावर काढता येत होत्या. चढायचं म्हटलं तर पहिलीच पायरी सुटत नव्हती.

त्यांनी मान हलवली. मोठ्या बाईंनी घंटी वाजवली.

खारूताईचे वडील शिंपी होते. काम टाकून आले असावेत, गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून गेली होती. एरवी पालकसभेला ही पोरगी त्यांच्या हाताला लोंबकळत यायची. आज ती दोन हात अंतर ठेवून आत आली आणि दाराला टेकून उभी राहिली. खिसे सपाट होते.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. ते बसले नाहीत.

"काल फोनवर सांगितलं ते वर्गाच्या बाईंच्या तोंडून ऐका, म्हणजे तुमच्या मनात किंतु राहायला नको. वाचा, बाई."

नव्या बाईंनी पान उचललं. अक्षर त्यांचं होतं, वळणदार, सरांनी 'सुवाच्य' म्हणून शेरा दिलेलं. "'क्रमांक सतरा या विद्यार्थिनीत,'" त्यांनी सुरुवात केली. "'इतरांच्या वस्तू गुपचूप स्वतःजवळ ठेवण्याची प्रवृत्ती...'"

शिंपीदादा जमिनीकडे बघत ऐकत होते. प्रत्येक वाक्याला ते मान डोलवत होते, जणू माप घेताना कुणी आकडे सांगतंय आणि ते चुकू नयेत म्हणून ते मनात म्हणून ठेवताहेत. पान संपलं.  खाली मैदानात कुठल्यातरी वर्गाची कवायत चालली होती.

"ऐकलंस?" मोठ्या बाईंनी दाराकडे पाहिलं. आवाज त्यांनी मऊ केला होता, आणि तो मऊ आवाज पोरांना ओरडण्यापेक्षा जास्त भिववतो. "खरं बोललीस तर मी रागावणार नाही. रंगपेटी तू घेतलीस ना?"

खारूताईने नव्या बाईंकडे पाहिलं. रडत नव्हती. फळ्यावरचं गणित समजत नसलं की कपाळाला जशी आठी पडायची, तशी पडली होती.

"बाईंनी लिहिलंय ना?" तिने विचारलं.

"हो. लिहिलंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग घेतली असेल मी."

"असेल म्हणजे काय? घेतलीस की नाही?"

"घेतली."

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला आणि दाखल्यावरचा काचेचा गोळा बाजूला केला. "झालं तर मग. आता कुठे ठेवलीस ते सांग, म्हणजे त्या बाईला तिची पेटी परत देता येईल."

 तिने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि मग नव्या बाईंच्या हातातल्या कागदाकडे.

"ते त्यात लिहिलं नाही का?" ती म्हणाली.

नव्या बाईंनी पान टेबलावर ठेवलं. त्यांना आधी वाटलं की पोरगी टोमणा मारतेय, आणि तसं असतं तर किती बरं झालं असतं! पण तिला खरंच मदत हवी होती. बाई खोटं लिहीत नाहीत हे तिला दोन आणि दोन चार इतकं पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे चूक तिच्या आठवणीचीच असणार होती. ती आठवण शोधायला ती बाईंकडे बघत होती.

"हिने काही केलेलं नाही," नव्या बाई म्हणाल्या.

"काय?"

"हे मी रचलंय. हिने कधी कुणाचं काही घेतलं नाही. पडलेल्या पेन्सिली गोळा करते आणि ज्याला नसेल त्याला देते. मला पण दिलीय. मला हे पहिल्यापासून माहीत होतं." शब्द एकदा सुटले तसे थांबेनात. "समस्या नसेल तर गुण देत नाहीत, म्हणून मी समस्या लिहिली. चारही प्रसंग खोटे आहेत. रंगपेटी कुणी नेली ते मला माहीत नाही, बाई, पण या कागदावरून तुम्ही कुणालाही चोर ठरवू नका."

मोठ्या बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "एकतीस पानांवर माझी सही आहे!" त्या म्हणाल्या. "शाळेचा शिक्का आहे! तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? हे मी केंद्राला कळवलं तर तुमची पदविका गेली, आणि पदविका गेली तर..."

"हो."

"आणि मला कळवावंच लागेल."

"कळवा."

मोठ्या बाईंनी शाईच्या गादीचं झाकण लावलं. ते नीट बसेना, त्यांनी दोनदा दाबलं. मग दाखला उचलून त्याच्या चार चिंध्या केल्या आणि टोपलीत टाकल्या. चिडून केल्या की आणखी कशाने, ते सांगता येणार नाही.

नव्या बाईंना वाटलं होतं की आता छातीवरचं ओझं उतरेल. नोकरी गेली तर गेली, पोरगी तर वाचली, असा एक सुस्कारा त्यांच्या ओठांपर्यंत आलाही होता. तेवढ्यात शिंपीदादा पहिल्यांदा बोलले.

"काल मी हिला मारलं," ते म्हणाले.

ते कुणाला सांगत होते कोण जाणे. उजवा हात त्यांनी समोर धरला होता आणि बोटांत अडकलेला दोरा शोधावा तसे ते त्याच्याकडे बघत होते.

"जन्मात कधी बोट लावलं नव्हतं. फोन आला, आणि संध्याकाळी घरी जाऊन मी... ही सांगत होती, बाबा, मी नाही घेतली. सारखी सांगत होती. मी म्हटलं, बाई खोटं लिहितील का? बाई शिकलेल्या आहेत. तू खोटी. ती हो म्हणेपर्यंत मी थांबलो नाही." त्यांनी बोटं मिटली, पुन्हा उघडली. "मग हो म्हणाली."

घड्याळात पावणेएक झाला होता. नव्या बाई उठून उभ्या राहिल्या, पण जायचं कुणाकडे ते त्यांना सुचेना. 

पुढे आली ती खारूताईच. मोठी माणसं अशी आवाज गेल्यासारखी उभी राहिलेली तिला बघवेनात. वर्गात कुणाची पेन्सिल मोडली की ती जशी लगबगीने जायची, तशीच ती आली.

"बाबा, असू दे," ती म्हणाली. "बाईंनी चुकून लिहिलं असेल. होतं असं. हो ना, बाई? चुकून ना?"

तिने मान वर करून बाईंकडे पाहिलं. 'हो' म्हणण्याएवढं सोपं काम जगात दुसरं नव्हतं. मोठ्या बाईंनीही काही हरकत घेतली नसती.

"नाही गं," नव्या बाई म्हणाल्या. "चुकून नाही. मुद्दाम लिहिलं."

पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली. कपाळावरची आठी हळूहळू गेली आणि गेली तेव्हा तिचा चेहरा नऊ वर्षांच्या मुलीचा वाटत नव्हता.  ती मागे सरली, वडिलांच्या उजव्या बाजूला गेली आणि त्यांनी समोर धरलेला तो हात तिने हातात घेतला.

"चला, बाबा," ती म्हणाली.