तासभर मागे

मित्रांनो, मी एक जुनं, चावीचं, भिंतीवरचं घड्याळ आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी बिघडलेलो नाही. तासभर मागे आहे, एवढंच.

एका लहानशा कारखान्यात माझी चाकं जुळवली गेली. तिथून मी शिंपीमास्तरांच्या दुकानात आलो. त्यांची मुलगी माझ्याकडे बघत आकडे शिकली. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तरांचा वायदा चुकेल, घड्याळ चुकायचं नाही." मला फार बरं वाटायचं. मग ज्याच्या त्याच्या खिशात फोन आले आणि मान वर करून माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. काचेवर धूळ साचली.

मुलगी लग्न होऊन शेजारच्या देशात गेली. मास्तरांनी नकाशावर टेप लावली, तर दोन्ही शहरांमधलं अंतर भरलं काजाएवढं. खरं तर ते हजार किलोमीटर होतं. पुढे मुलीचे दिवस भरत आले आणि मास्तरांची बायको, सगळ्यांच्या काकू, तिकडे निघाल्या. विमानात पहिल्यांदाच, तेही एकट्या. तिकिटावर लिहिलं होतं, चारला सुटणार, पाचला पोचणार.

"तासाचा तर प्रवास," मास्तरांनी धीर दिला. "डोळे मिटून बस. पोचलीस की लगेच फोन कर."

पाच वाजले. फोन आला नाही. मास्तर मशीनवर बसले, उठले, पुन्हा बसले. काकूंचा फोन बंद, आणि त्यांना आणायला गेलेले जावई उचलेनात. मुलीला विचारावं, तर अशा दिवसांत ती धसका घेईल. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "येईल हो फोन. विमान आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

"इकडेतिकडे म्हणजे कुठे?" मास्तर ताडकन उठले.

माझी टिकटिक त्यांना सहन होत नव्हती. मलाही थांबावंसं वाटलं, पण थांबणं काही माझ्या हातात नव्हतं. एरवी गप्पा मारत बाह्या जोडणाऱ्या मास्तरांनी त्या दिवशी डाव्या खांद्याला उजवी बाही शिवली. मग स्टुलावर चढून त्यांनी माझी काच उघडली आणि कान लावला. "पुढे गेलायस का रे तू? गेला असशील तर बरं होईल."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. आणि मी अगदी बरोबर होतो, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

सहा वाजून गेल्यावर फोन वाजला. मास्तर स्टूल ओलांडून येईपर्यंत इस्त्रीवाल्यानेच तो उचलून त्यांच्या कानाला लावला.

"अहो, पोचले. अगदी वेळेवर," काकू म्हणाल्या. "पाचच वाजलेत."

"पाच कसे? इथे सहा वाजून गेले."

मग जावई बोलले. "बाबा, आमची वेळ तुमच्या तासभर मागे. पोचायची वेळ तिकिटावर इकडची लिहितात. विमानाला दोन तास लागतातच."

मास्तर कापडाच्या ढिगावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

आठवड्याभरात त्यांना नात झाली. त्या दिवशी त्यांनी माझी काच पुसली, चावी दिली आणि काटे तासभर मागे घेतले. काकू अजून तिकडेच आहेत. फोन करण्याआधी मास्तर आता माझ्याकडे बघतात. येणारा-जाणारा म्हणतो, "मास्तर, घड्याळ मागे पडलंय की." कुणी तर काटे सरकवायला हातही वर नेतो.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. माझी धूळ पुसा, वेळेवर चावी द्या, पण काट्यांना हात लावू नका. तिकडे आत्ता नात झोपली आहे.