आवळीखालची चूल

कुतुबुद्दीनच्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिले नाही. सन १९०९ च्या मार्गशीर्षात ते आले. मी ते वाचले, घडी घालून शब्दकोशात ठेवले, आणि मग त्या कोशाला हात लावायचीही भीती वाटू लागली. उभा जन्म मास्तरकी केलेल्या माणसाला कोशाची भीती वाटावी, यावरून माझी योग्यता कळेल.

कुतुबुद्दीन हा जोतिबाच्या डोंगराखालच्या सरकारी कुरणाचा राखणदार. कार्तिकात आम्ही घरची माणसे तिथे आवळीखाली जेवायला गेलो होतो. त्याने वाटेतच गाडी अडवली.

"पावणं, फांदी तोडायची न्हाय. खाली पडलेलं सरपन घ्या. पत्रावळी मागं सोडायच्या न्हाईत. आनि निघताना चुलीवर दोन घागरी पानी वता. यंदा पाऊस लवकर गेलाय, गवात नुसतं कापूर झालंय."

"ओततो," मी म्हणालो.

"तोंडावरनंच मास्तर दिसतायसा. मग मला घोर न्हाय," तो हसून म्हणाला आणि वरच्या अंगाला निघून गेला.

जेवण फार छान झाले. पोरे गवतात लोळली, मीसुद्धा आवळीला टेकून डुलकी काढली. उन्हे कलली तशी पत्रावळी गोळा करून गाडीत टाकल्या. मी घागर उचलली, तोच माझी थोरली बहीण बयाक्का ओरडली, "गणपा! निवद शिजलेल्या चुलीवर पानी? घरात कवा बघितलंस? राख सार वर."

घरी आम्ही निखारे कधीच विझवत नाही, राखेखाली झाकून ठेवतो. पण घरात वारा नसतो. हे मला कळत होते. सांगायला तोंड उघडले, आणि नेहमीप्रमाणे मिटले. घागर आवळीच्या मुळाशी रिकामी केली. चुलीवर राख सारली.

ओढ्यापाशी आलो आणि बैल थबकले. त्यांनी कान टवकारले. मागे वळून पाहिले तर आवळीच्या बाजूने धूर चढत होता.

मी गाडीतून उतरून उलटा पळत सुटलो. काय करणार होतो, देव जाणे. हातात घागरसुद्धा नव्हती. अर्ध्या वाटेवर वारा फिरला. कमरेएवढ्या गवतातून तडतड आवाज येऊ लागला आणि समोरची हवा पाण्यासारखी हलू लागली. एक ससा माझ्या पायांवरून गेला, त्याच्या पाठीची लव जळत होती. मी मागे वळलो, तर तिकडेही धूर. श्वास घेतला की घशात निखारा गेल्यासारखे होई. मी तिथेच खाली बसलो. डोळे मिटून घेतले. आपण आता मरणार, आणि ते बरोबरच आहे, असे वाटले.

कुणीतरी मानगूट धरून मला ओढले. दोन पावले ज्वाळेतूनच गेलो, धोतराचा सोगा पेटला, तो त्याने हातांनीच चुरगाळला.

"हितं उभं ऱ्हावा! जळल्यालं पुन्ना जळत न्हाय!"

काळ्या, धुमसत्या जमिनीवर मला उभे करून कुतुबुद्दीन पुन्हा आगीकडे धावला. ओल्या डहाळ्यांनी झोडपत राहिला. जवळच्या वाडीची माणसे आली, तेव्हा कुठे आग आवरली. निम्मे कुरण गेले होते. तो परत आला तेव्हा दोन्ही तळहातांची कातडी लोंबत होती.

"मास्तर, पानी वतलं हुतं न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. लगेच विश्वास ठेवला. चौकशीत लागेल म्हणून माझा पत्ता तेवढा विचारून घेतला.

पत्र त्याने वाडीच्या पंतोजीकडून लिहून घेतले होते. हात बांधलेले होते ना. "मास्तर, तुम्ही पाणी ओतले असे मी कुरणाच्या साहेबांना सांगितले. तेव्हा ते म्हणतात, मग तुझीच विडी पडली. मी विडी ओढत नाही. पौर्णिमेला चौकशी आहे. नोकरी गेली तर कुरणातले खोपटही सोडावे लागेल. पाणी ओतले असेल तर तसे लिहा, मी नशीब म्हणेन. नसेल तर तसे लिहा."

मी काहीच लिहिले नाही. सरकारी गवत जाळले म्हणून बेड्या पडतील. पेठेतली पोरे मागून ओरडतील. दारावर कुणी थाप मारली की मी माजघरात जाऊन बसे.

पौर्णिमेला पाच दिवस उरले, तेव्हा बयाक्काने कोश झाडायला काढला आणि पत्र खाली पडले. तिला वाचता येत नव्हते. मीच वाचून दाखवले. मग त्याला 'हो' म्हणालो होतो, तेही सांगितले.

तिने पत्र माझ्या हातातून घेऊन माझ्यापुढेच ठेवले. "त्यो तुला वढून काढत हुता, तवा त्येनं इचारलं का, पानी वतलंस का म्हनून?"

"नाही."

"एवढी पुस्तकं वाचलीस. एक वळ लिहवंना व्हय तुला? माझं नाव घाल. मीच नको म्हनलं."

तिचे नाव मी घातले नाही. घागर माझ्या हातात होती.

"मी पाणी ओतले नाही. चूल राखेने झाकून निघालो. तुम्ही विचारलेत तेव्हा खोटे बोललो. हे साहेबांना दाखवा. बोलावतील तिथे मी येईन."

सही दोनदा करावी लागली. भर दुपारी टपालपेटीपर्यंत गेलो. पाकीट अर्धे आत घातले आणि बोटे सुटेनात. मागून कुणी म्हणाले, "आजोबा, हुतंय न्हवं?" मी घाबरून हात काढला. पाकीट आत पडले होते.