वरच्या खोलीतली शिकवणी

त्या रविवारी इम्तियाज परकारने आपला कुराणपठणाचा वर्ग कायमचा बंद केला. तसं काही घडलेलं नाही. त्याने लॅपटॉप सरळ केला, टोपी नीट बसवली आणि पडद्यावरच्या मुलांना सलाम केला.

लॉकडाऊनमध्ये मशीद बंद झाल्यापासून नेदरलँड्सच्या फेल्डहोवनमधला हा इंजिनिअर स्वयंपाकघरातून उस्तादगिरी करत होता. आधी पठण, मग जुन्या ग्रंथांतली शिस्त: वुजू करून, हातपाय-तोंड धुऊन बसा, घाई करू नका, आवाजाचा तोरा मिरवू नका. आजचा धडा खुद्द उस्तादांसाठी होता.

"आपला शागीर्द दुसऱ्याकडे शिकायला गेला, तर उस्तादाने वाईट वाटून घ्यायचं नाही. ज्याला वाईट वाटतं, तो अल्लासाठी नाही, स्वतःच्या मोठेपणासाठी शिकवतो. कळलं? आलिया, पुढची आयत."

आलिया त्याचीच मुलगी. वरच्या खोलीत बसलेली, कॅमेरा बंद.

आयत ऐकू आली, पण लॅपटॉपमधून नव्हे, जिन्यावरून. पाठोपाठ एका अनोळखी बाईंचा आवाज: "शाबाश, बेटा. फिर से. आराम से."

इम्तियाज वर पोचला तेव्हा त्याच्या हातात कलथा होता. तो कुठून आला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आलियापुढे टॅबवर अब्बांचा वर्ग, आवाज बंद करून ठेवलेला. आणि फोनवर रॉटरडॅमच्या उस्तादबाई, मुलींच्या घोळक्यासकट.

"कधीपासून?"

"रमजानपासून. मम्मीला माहितेय."

"मम्मीला?"

"नानीला पण."

बातमी रत्नागिरीपर्यंत गेली होती. खाली स्वयंपाकघरात तेवढी आली नव्हती.

"मी वाईट शिकवतो?"

"नाही, अब्बा. पण मी चुकले की तुम्ही असं करता." तिने नाकातून लांब श्वास सोडला. हुबेहूब. फोनमधल्या मुली खुदखुदल्या. "मग मला सगळंच फरगेट होतं."

खाली येऊन त्याने वर्ग कायमचा बंद केला; म्हणजे, सुरुवातीला ठरल्याप्रमाणे, केलाच नाही. फक्त लॅपटॉप मिटलेला होता.

त्याच्या बायकोने, रुबीनाने, त्याच्यासमोर चहा ठेवला. "तिला रागावलास?"

त्याने नकारार्थी मान हलवली. वर आलिया पुन्हा म्हणत होती. अडखळली, हसली, पुढे गेली. त्याच्यापुढे ती अडखळून कधी हसली नव्हती. चहावर साय धरली.

मग त्याने फोन घेतला आणि रॉटरडॅमला लिहिलं:

"आदरणीय उस्तादसाहिबा, आपला वर्ग बारा वर्षांखालील मुलींसाठी आहे, याची नम्र जाणीव आहे. तरी वय, लिंग व दाढी या बाबी शिथिल करून प्रस्तुत अर्जदारास मागच्या रांगेत प्रवेश द्यावा. अर्जदारास लोकांसमोर चुकण्याचा मुळीच सराव नाही, याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती."