गोल स्टिकर

सत्यशीलाबाईंचं मशीन त्या सकाळी वेगळ्याच सुरात सुरू झालं, आणि शेजारच्या टेबलावर बसलेल्या वैजनाथ गित्तेंनी टायपिंग थांबवलं.

"सत्यशीलाबाई, तुमचंही झालं वाटतं."

"झालं हो एकदाचं! काल संध्याकाळी ती अलफिया नवं व्हर्जन टाकून गेली. आता काही म्हणजे काही जागेवर सापडत नाहीये. पण तुम्हाला कसं कळलं?"

"धून बदलली," वैजनाथ म्हणाले. मनात त्यांनी पाचवं बोट मिटलं. नऊ टेबलांपैकी पाच झाली होती.

वैजनाथांना जन्मापासून दिसत नाही. स्वारगेटजवळच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात ते कारकून आहेत आणि विद्यार्थ्यांचे दाखले टाइप करतात. तसं पाहिलं तर परळीहून पुण्यात आल्यावर त्यांना नोकरी लागली ती टेलिफोन ऑपरेटरची. जिन्याखालच्या पत्र्याच्या खोपटात बसून नऊ वर्षं त्यांनी "नमस्कार, कोणाशी बोलायचंय?" एवढं एकच वाक्य म्हटलं. मग सहा महिने खपून ते कॉम्प्युटर शिकले. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर संस्थेने घेतलं, आणि २००३ साली वैजनाथ जिन्याखालून वर, पंख्याखालच्या टेबलावर आले. त्या दिवशी त्यांनी बिबवेवाडीतल्या अख्ख्या चाळीला पेढे वाटले होते.

आता एप्रिल २०१४ उजाडला होता. कॉम्प्युटर ज्या प्रणालीवर चालत होते, तिच्या जुन्या व्हर्जनकडे कंपनी यापुढे बघणार नाही म्हणे. एकदम सगळी मशीन बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून बाहेरच्या फर्मची अलफिया अत्तार आणि तिचा मदतनीस शाहिद रोज एकदोन टेबलं उरकत पुढे सरकत होते. काम थांबत नव्हतं, नवं व्हर्जन मात्र एकेक टेबल गिळत वैजनाथांच्या दिशेने येत होतं.

"मला एक सांगा," समोरच्या टेबलावरचे बद्रीनाथ म्हणाले, "आधी पंच्याण्णव आलं. मग अठ्ठ्याण्णव. मग दोन हजार. आणि आता काय, तर सात! हे लोक पुढे चाललेत की मागे?"

"आठ पण आलंय म्हणतात," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"मग आपल्याला सात का? उरलेलं असेल. संस्थेच्या रिवाजाला धरूनच झालं म्हणायचं."

सगळे हसले. वैजनाथही हसले, पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांचा मित्र कोंडीराम एका दुसऱ्या कार्यालयात होता. तिथे व्हर्जन बदललं आणि त्याचं बोलणारं सॉफ्टवेअर मुकं झालं. नवीन घेऊ, घेऊ म्हणत साहेबांनी दीड वर्ष काढलं. कोंडीराम टेबलावर नुसता बसून असायचा, शेवटी स्वतःच म्हणाला, मला टेलिफोनवर टाका.

वैजनाथांनी महिपतरावांना, म्हणजे कार्यालयाच्या अधीक्षकांना, विचारून पाहिलं होतं. महिपतराव फायलीत डोकं घालून म्हणाले, "बघू हो गित्ते तुमचं. नाहीतर टेलिफोन आहेच की." ते बोलून विसरले, आणि इकडे वैजनाथांच्या चार दिवसांच्या झोपेचं खोबरं झालं.

शिवाय मशीन म्हणजे नुसतं मशीन होतं का? सुरुवातीला ते नावांची पार वाट लावायचं. वैजनाथांनी अकरा वर्षं त्याला एकेक नाव शिकवलं होतं. दर जूनला नवी पोरं येत, नवी नावं येत, आणि वैजनाथ डबा खाता खाता उच्चारांच्या यादीत भर घालत. तीन हजारांवर नावं झाली होती. आपल्या पोराचं नाव कुणी वेडंवाकडं घेतलं तर आईबापाला कसं वाटेल, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

त्या सकाळी सत्यशीलाबाईंना फाइल सापडेना, म्हणून वैजनाथ त्यांच्या टेबलाशी गेले. मशीनला टेकलेल्या हाताला कडेला काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं.

"हे काय हो?"

"स्टिकर. काम झालं की लावतात. म्हणजे मग त्यांची माणसं त्या मशीनला परत हात लावत नाहीत."

एवढंच बोलणं झालं. पण ते वैजनाथांच्या डोक्यात जे घुसलं, ते काही निघेना.

गुरुवारी बद्रीनाथ भाचीच्या लग्नाला गेले. दुपारी शाहिदने त्यांचं मशीन उघडून पाहिलं, कागदावरून स्टिकर सोलून त्यावर चिकटवलं आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. वैजनाथ कान देऊन ऐकत होते. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले, तेव्हा ते उठले. आयुष्यात कधी कुणाची टाचणी न उचललेला माणूस तो! बद्रीनाथांच्या मशीनवरचं स्टिकर त्यांनी नखाने सोललं. आपल्या मशीनच्या कडेला त्यांनी ते दाबून बसवलं, वरून दोनदा अंगठा फिरवला आणि जागेवर येऊन डबा उघडला. भाजी कसली होती, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पकडला गेलो तर? आणि नाहीच पकडला गेलो, तर किती दिवस? शनिवार-रविवार सुट्टी होती. दोन्ही दिवस त्यांनी स्वतःला बजावलं, की हे टेबल निदान जूनपर्यंत तरी आपलं राहील.

सोमवारी ते टेबलाशी आले, खुर्ची ओढली आणि सवयीने हात पुढे केला. हात टेबलाच्या पार टोकापर्यंत गेला. मशीन नव्हतं. कीबोर्डही नव्हता. धुळीत एक स्वच्छ चौकोन तेवढा बोटांना लागला.

"वा!" समोरून लग्नाहून परतलेल्या बद्रीनाथांचा आवाज आला. "माझं भंगार इथंच, आणि गित्तेंचं चांगलं मशीन गायब. याला म्हणतात नियोजन!"

गलका झाला. महिपतराव बाहेर आले. अलफियाने आपली यादी दोनदा तपासली. "सर, गित्ते सरांच्या मशीनवर लाल स्टिकर होतं. लाल म्हणजे भंगार. ज्यांच्यावर नवं व्हर्जन चालत नाही, ती मशीन शनिवारी खाली नेली. हिरवं म्हणजे काम झालेलं. यादीत लाल बद्रीनाथ सरांचं आहे."

"मग लाल यांच्यावर लावलं कुणी?" महिपतराव कडाडले. "तुमच्या या शाहिदनेच ना? डोळे फुटलेत का याचे? उद्यापासून हा माणूस इथे दिसता कामा नये."

"सर, मी नाही लावलं," शाहिद म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "शपथेवर सांगतो, सर."

चूक कुणाची, ते वैजनाथांना माहीत होतं. गप्प राहिलं तर संपलं होतं. कुणाला शंकासुद्धा आली नसती. पण शाहिदचा तो कापरा आवाज त्यांना ऐकवेना.

ते उभे राहिले. "साहेब, त्याला काही बोलू नका. ते स्टिकर मी लावलं."

"तुम्ही? आणि लाल?"

"लाल होतं ते..." वैजनाथ अडखळले. "मला नुसतं गोल लागलं हाताला."

बद्रीनाथांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, मी चहा सांगून येतो." आणि खरंच उठून गेले.

अलफिया वैजनाथांजवळ येऊन उभी राहिली. "काका," ती म्हणाली. आजवर ती 'सर' म्हणत असे. "नव्या व्हर्जनवर चालणारं बोलणारं सॉफ्टवेअर कधीच आलंय. तुमची नावांची यादी आज आधी उतरवून घेणार होते, मगच मशीनला हात लावणार होते. म्हणून तर तुम्हाला शेवटी ठेवलं. मी साहेबांना सांगितलं होतं तुम्हाला सांगायला."

महिपतरावांनी हातातल्या फायलीत डोकं घातलं.

"मग ती यादी..."

"भंगारात जायचं मशीन आम्ही आधी पुसून टाकतो, काका. शनिवारीच पुसलं."

वैजनाथ खाली बसले. अकरा वर्षांतले अकराही जून गेले होते. रडू आलं होतं, पण सगळ्यांसमोर रडायचं कसं, म्हणून त्यांनी टेबलावरची धूळ हाताने पुसायला घेतली. थोड्या वेळाने शाहिदने नवं मशीन आणून जोडलं आणि कीबोर्ड त्यांच्या बोटांखाली सरकवून दिला.

दुपारी पहिला अर्ज आला. नवा आवाज स्वच्छ होता, घाईचा होता. उत्तरेश्वर नावाच्या मुलाचं नाव त्याने असं मोडून वाचलं, की मुलगा दारात असता तर बिचकला असता. वैजनाथांनी यादी उघडली. ती रिकामी असल्याचं आवाजाने सांगितलं.

मागे कात्री चालल्याचा आवाज येत होता. अलफिया स्टिकरांचा कागद घेऊन बसली होती. मग तिने वैजनाथांच्या तळहातावर एक स्टिकर ठेवलं. त्यांनी बोट फिरवलं. कडेचा एक तुकडा कापलेला होता.

"हे लाल," ती म्हणाली.

"बरं," वैजनाथ म्हणाले. त्यांनी ते खिशात ठेवलं आणि यादीत पहिलं नाव टाइप करायला घेतलं.